नाव विचारलं तेव्हा

अभ्यासवर्ग सुटला आणि आम्ही टपरीवर चहाला उभे होतो. पिशवीतून डबा काढताना माझी दोन पुस्तकं खाली पडली. एक बाबासाहेबांचं, जातिनिर्मूलनावरचं. दुसरा नवा करार, आईचा, पुठ्ठा सुटलेला. एका मित्रानं दोन्ही उचलली, धूळ झटकली आणि हसत विचारलं, "तू नेमका कुणाचा रे? वर्गात आमच्यासारखा बोलतोस आणि पिशवीत देव घेऊन हिंडतोस. आपण देव सोडला तेव्हा माणूस झालो. तू अजून त्याचं बोट धरून का?"

मला उत्तर सुचलं नाही. तिसऱ्या पाळीला जायचं होतं. अर्धा चहा टाकून निघालो. पण प्रश्न बरोबर आला. कविता करून उत्तर देता आलं असतं. पण कविता केली की मी सुटतो, प्रश्न तिथंच राहतो. म्हणून या वेळी कविता नाही. जे घडलं ते सांगतो.

मी सूतगिरणीत साइडर आहे. रिंगफ्रेम खात्यात. एका फ्रेमला हजारावर चात्या. दोन फ्रेमच्या मधल्या गल्लीतून आठ तास येरझारा घालायच्या, तुटलेला धागा दिसला की जोडायचा. धागा तुटू नये म्हणून खात्यातली हवा दमट ठेवतात. काळजी धाग्याची, माणसाची नाही. अंगावर घाम आणि घामावर तूस. मशीनच्या आवाजात शेजारच्याला हाक ऐकू येत नाही, आम्ही खुणांनी बोलतो. घरी आल्यावरही तासभर मी ओरडूनच बोलतो असं आई म्हणते.

ख्रिस्ती घरातल्या पोराला लहानपणापासून एकच शिकवतात, देवाच्या जवळ राहा. कसं राहायचं तेही शिकवतात. सकाळी उठून शास्त्र वाच. गुडघे टेक. जेवणाआधी डोळे मीट. रविवारी उपासनेला ये. आता माझी सुट्टी बुधवारी. रविवारी चर्चची घंटा होते तेव्हा मी एकतर फ्रेमवर असतो नाहीतर झोपेत. गुडघे टेकले की पोटऱ्यांत गोळे येतात. डोळे मिटले की झोप लागते. पाळकसाहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "अर्धा तास आधी उठत जा." माणूस भला आहे, पण त्यांनी कधी तिसरी पाळी केलेली नाही. सकाळी सातला जो कामावरून सुटतो त्यानं अर्धा तास आधी म्हणजे कधीच्या आधी उठायचं?

काही लोकांना वाटतं, हा धागे जोडता जोडता नामस्मरण करत असेल. दोस्तांनो, खरं सांगतो. धागा जोडताना देव आठवत नाही. पाय आठवतात. जॉबर आठवतो. उचल किती फिटली आणि किती राहिली ते आठवतं.

आईचं तसं नाही. ती भाकरी थापता थापता देवाशी बोलते, मोठ्यानं, भिंतीपलीकडच्या शेजारणीशी बोलावं तसं. "देवा, तेल संपलंय, ठावं हाय ना तुला? पोराच्या छातीत कफ झालाय, त्याचं काय करतू?" आभार कमी, तक्रार जास्त. लहानपणी मला तिची लाज वाटायची. चर्चमधल्या शिकलेल्या बायका कशा हळू आवाजात, शुद्ध भाषेत प्रार्थना करत. आमची आई देवाला अरेतुरे करून तेलाचा हिशेब सांगायची.

आता आम्ही ख्रिस्ती कसे झालो ते सांगतो. आमचं मूळ गाव तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं. अमेरिकन मराठी मिशन नगरात आलं १८३१ साली. आमच्या घरात ख्रिस्त आला तो १८७६-७७ च्या दुष्काळानंतर, खापरपणजोबाच्या वेळी. त्या दुष्काळानंतर नगर भागातल्या महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून पुष्कळ माणसं मिशनकडे गेली. गावानं त्यांना नाव ठेवलं, भाकरीचे ख्रिस्ती. मला या नावाचा राग येत नाही. उपाशी माणूस भाकरीकडे गेला, यात लाजायचं काय? लाज त्यांनी धरावी ज्यांच्या कणगीत दाणे होते आणि दार बंद होतं. आणि भाकरीबरोबर पाटीही मिळाली. आमच्या घराण्यात पहिलं अक्षर त्या पाटीवर उमटलं.

पण कागदावर आम्ही वेगळेच. आजोबाला शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनीच सुचवलं म्हणतात, ख्रिस्ती लिहू नका, सवलत जाईल. म्हणून दाखल्यावर 'हिंदू महार'. वडिलांच्या दाखल्यावर तेच. माझ्या, धाकटीच्या दाखल्यावर तेच. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. रविवारी एक, सोमवारी दुसरं. आमच्या भागात अशी घरं किती आहेत हे ज्याचं त्याला ठाऊक आहे. कुणी बोलत नाही.

असं का करावं लागतं ते तुम्हाला सांगायला पाहिजे, कारण आपल्या वर्गातल्या पुष्कळांना ते माहीत नाही. १० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्यातल्या तिसऱ्या परिच्छेदानं ठरवलं की हिंदू सोडून दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ ला शिखांसाठी त्यात दुरुस्ती झाली. बौद्धांसाठी झाली १९९० ला. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. ॲट्रॉसिटीच्या कायद्याचं संरक्षणही याच यादीला बांधलेलं. गावात मार पडताना कुणी धर्म विचारत नाही. तक्रार लिहिताना विचारतात.

आता धाकटीचं. ती बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला नर्सिंग करायचं होतं. जागा आणि फी, दोन्ही एका कागदावर अडलेलं, जात वैधता प्रमाणपत्र. अर्ज केला. कळलं की दक्षता पथकाचे साहेब चौकशीला घरी येणार.

आदल्या दिवशी मामा आला. म्हणाला, "भाच्या, एका दिसाचा प्रश्न हाय. भितीवरचा क्रूस काढ, पुस्तकं पेटीत टाक. देव काय रुसत न्हाई. समदेच करत्यात."

क्रूस मी काढला. दुसऱ्या कुणी नाही, मी. स्टुलावर चढलो, खिळ्यावरनं उतरवला, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ज्वारीच्या डब्यात दाण्यांखाली ठेवला. आई चुलीपाशी होती. तिनं अडवलं नाही. एवढंच म्हणाली, "पेत्राला कोंबडा आरवल्यावर कळालं. तुझ्या गिरणीत तर कोंबडाबी न्हाई." मी चिडलो. म्हणालो, "तुझ्या लेकीची फी कोण भरणार, पेत्र?"

दुसऱ्या दिवशी साहेब आले. वागायला वाईट नव्हते. पाणी प्याले, हे मुद्दाम लिहितो. कुलदैवत विचारलं, लग्नाच्या रीती विचारल्या, मयताच्या विचारल्या. वडिलांनी पाठ केल्यासारखी उत्तरं दिली. त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. साठीकडे झुकलेला माणूस आणि परीक्षेला बसलेल्या पोरागत उभा.

मग साहेबांची नजर भिंतीवर गेली. चुलीच्या धुरानं आमची भिंत काळवंडलेली. जिथं क्रूस होता तेवढी जागा पांढरी राहिलेली. उभी एक पट्टी, आडवी एक. हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"इथं काय होतं?"

मी म्हणालो, "कॅलेंडर."

ते काही बोलले नाहीत. धाकटीकडे वळले. "बाळ, तुझं नाव सांग पूर्ण." तिनं सांगितलं. मग म्हणाली, "साहेब, तिथं क्रूस होता. काल दादानं काढला. आम्ही प्रार्थना करतो." पुढं म्हणाली, "पण आम्ही महारच आहोत. गावात आमचं घर अजून महारवाड्यातच आहे. ते प्रार्थनेनं हललं नाही."

साहेबांनी लिहून घेतलं. काही महिन्यांनी दावा फेटाळल्याचा कागद आला. अशा निकालावर दाद मागायची तर थेट उच्च न्यायालयात, आणि तिथं जाऊन आम्ही काय सांगणार होतो? की आम्ही ख्रिस्ती नाही? धाकटीची जागा गेली. ती आता एका खासगी दवाखान्यात मदतनीस म्हणून जाते, रात्रीची. बेडपॅन उचलते. जे इंजेक्शन दुसऱ्या पोरी देतात त्याचा ट्रे धरून उभी राहते.

मी तिच्याशी चार महिने बोललो नाही. देवाशीही नाही. मनात एकच चालायचं, एवढा खरेपणा कुणी मागितला होता? ज्यानं मागितला त्यानं फी भरावी. रात्री फ्रेममधून फिरताना मी त्याला शिव्या दिल्या, मोठ्यानं. आवाजात कुणाला ऐकू जात नव्हत्या. त्याला जात असतील तर जावोत, म्हटलं.

एका बुधवारी, सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी घरात पडलो होतो. धाकटी आईला शास्त्र वाचून दाखवत होती. आईचे डोळे आता साथ देत नाहीत. याकोबाची गोष्ट चालली होती. मी भिंतीकडे तोंड करून ऐकत होतो. गोष्ट तुम्हाला माहीत नसेल म्हणून थोडक्यात सांगतो.

याकोब हा धाकटा भाऊ. बाप इसहाक म्हातारा, आंधळा. आशीर्वाद थोरल्याला मिळायचा होता. याकोबानं हातांवर बकऱ्याची कातडी बांधली, थोरल्याचे कपडे घातले आणि बापापुढं गेला. बापानं विचारलं, तू कोण? त्यानं थोरल्याचं नाव सांगितलं. आशीर्वाद मिळाला. मग पळाला. वीस वर्षं सासऱ्याची मेंढरं राखली. सासऱ्यानं दहादा मजुरी बदलली. हे ऐकताना मला आमचा ठेकेदार आठवला. शेवटी बायकापोरं घेऊन परत निघाला. वाटेत यब्बोक नावाचा ओढा. रात्री तो एकटा मागं राहिला आणि अंधारात कुणीतरी त्याच्याशी झोंबी घेतली. पहाटेपर्यंत कुस्ती. मांडीचा सांधा निखळला, पण यानं सोडलं नाही. म्हणाला, आशीर्वाद दिल्याबिगर सोडत नाही. तेव्हा त्या दुसऱ्यानं विचारलं, तुझं नाव काय?

धाकटी इथं थांबली. ती मुद्दाम थांबली की पान उलटायला, मला माहीत नाही. मी उठून बसलो.

वीस वर्षांपूर्वी बापानं हेच विचारलं होतं आणि यानं दुसऱ्याचं नाव सांगितलं होतं. आता त्यानं आपलं खरं नाव सांगितलं, याकोब. मग आशीर्वाद मिळाला, नवं नाव मिळालं, आणि माणूस लंगडत निघाला. सांधा जागेवर आला असं त्या गोष्टीत कुठंही लिहिलेलं नाही.

मी धाकटीला म्हणालो, "तुला काय मिळालं मग?" चार महिन्यांनी पहिलं वाक्य.

ती म्हणाली, "दादा, मला नाव विचारलं. मी सांगितलं. मला काय मिळालं ते मला अजून ठाऊक नाही. पण तू 'कॅलेंडर' म्हणालास ना, तेव्हा मला वाटलं की तू आम्हा सगळ्यांनाच ज्वारीच्या डब्यात घातलंस."

त्या रात्री मला एक गोष्ट कळली आणि मित्राला माझं उत्तर तेच आहे. आमच्या गावाकडे आखाडा होता. लांबून कुस्ती होत नाही. अंगाला अंग लागल्याबिगर डाव बसत नाही. मी जे चार महिने शिव्या देत होतो, तेव्हा मला वाटायचं की मी देवापासून तुटलो. तसं नव्हतं. ज्या दिवशी शांतपणे क्रूस गुंडाळला आणि 'कॅलेंडर' म्हणालो, त्या दिवशी तुटलो होतो. आईची तेलाची तक्रार ही जवळच्या माणसाची तक्रार आहे. लांबच्या माणसाशी कुणी असं भांडत नाही, त्याला नमस्कार करतो आणि निघून जातो.

पण एवढ्यावर थांबलो तर ही आमच्या पाळकांच्या प्रवचनासारखी गोष्ट होईल. तशी ती नाही. बाबासाहेबांनी अस्पृश्यांतून ख्रिस्ती झालेल्यांच्या स्थितीवर लिहून ठेवलं आहे. ते त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. महाराष्ट्र शासनानं १९८९ ला काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात ते आलं. माझं इंग्रजी अडखळतं, वर्गातल्या एका मित्रानं समजावून दिलं. त्यांनी आमच्या वर्मावर बोट ठेवलंय. धर्म बदलला तरी जात का सुटली नाही? आणि हा समाज अन्यायावर एकजुटीनं उठत का नाही? माणसाचं दुःख त्याच्या स्वतःच्या पापामुळं आहे असंच शिकवत राहिलात तर समाज बदलायला तो उठणार कशाला?

मला हे वाचून झोंबलं, कारण खरं आहे. आमच्या चर्चात महारातून आलेले आणि मांगातून आलेले अजून सोयरीक करताना मागंपुढं बघतात. एका वाटीतलं प्रभुभोजन घेतात आणि लग्नाच्या पंगतीला जात काढतात. ना. वा. टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले, त्यांची गीतं आम्ही दर रविवारी गातो. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त स्वतःच्या मनातला विटाळ कसकसा सुटत गेला ते न लपवता लिहिलंय. आमच्यातल्या किती जणांनी आपापला विटाळ असा लिहून ठेवला? अरविंद निर्मळांनी १९८१ ला बंगळूरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात मांडलं की आपलं धर्मशास्त्र आपल्या, तळच्या माणसांच्या जगण्यातून यायला पाहिजे. पुढं ते येशूलाच दलित म्हणाले. मी पंचवीस वर्षं चर्चात बसलो, व्यासपीठावरून त्यांचं नाव एकदाही ऐकलं नाही. तुमच्या वर्गात ऐकलं.

म्हणजे माझी कुस्ती दोन अंगांनी आहे. देवाशी आहे आणि देवाच्या घराशीही आहे. पण तिसरी एक आहे आणि तिथं मला तुमची गरज आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं विदर्भातल्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या बाजूनं निकाल दिला. बौद्ध घरातली मुलगी. चौकशीला आलेल्यांना घरात येशूचं चित्र दिसलं आणि तिचा महार असल्याचा दावा फेटाळला गेला होता. न्यायालयानं सांगितलं की घरात चित्र आहे म्हणून माणूस ख्रिस्ती झाला असं होत नाही. ते चित्र कुणीतरी भेट दिलेलं होतं. निकाल वाचून मला त्या पोरीसाठी बरं वाटलं, मनापासून. मग मी आमच्या भिंतीकडे बघितलं. आमच्या घरातला क्रूस भेट आलेला नाही. तो आमचाच आहे. आम्हाला तो निकाल लागू पडत नाही. एका चित्रानं महारपण जात नाही हे न्यायालयाला पटलं. बाप्तिस्म्यानंही ते जात नाही हे अजून कायद्याला पटायचं आहे. २००७ ला रंगनाथ मिश्र आयोगानं सांगितलं की अनुसूचित जातीचा आणि धर्माचा संबंध तोडा. २०२२ ला बालकृष्णन आयोग नेमला. आयोग येतात. धाकटीचं वय थांबत नाही.

मित्र म्हणतो, "मग बौद्ध हो. प्रश्न मिटला." मी बुद्धाला मान देतो. उद्या बुद्ध मनाला पटला तर दीक्षा घेईन आणि उजळ माथ्यानं घेईन. पण सवलतीसाठी घेतली तर ती पुन्हा कातडी बांधून बापापुढं जाणंच झालं. बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात घोषणा केली आणि १९५६ ला नागपुरात धम्म घेतला. एकवीस वर्षं विचार केला. दाखल्यासाठी घेतला असता तर तो दुसऱ्या दिवशीच घेता आला असता. उलट, धम्म घेतल्यामुळं केंद्राच्या यादीबाहेर राहावं लागलं. १९५६ ते १९९०, चौतीस वर्षं. तुमच्या आजोबांनी, वडिलांनी ती वर्षं काढली. कागदावर 'हिंदू' लिहा म्हणून त्यांनाही कुणीतरी मामा सांगत असेलच. मग आमचं दार बंद आहे हे तुम्हाला वेगळं का समजावून सांगावं लागतं?

क्रूस परत भिंतीवर आहे. धाकटीनं लावला. त्या पांढऱ्या पट्टीवर बरोब्बर बसला नाही, खिळा थोडा वाकलाय, कडेला पांढरं दिसतं. राहू दिलंय तसंच.

बाकी फार काही बदललेलं नाही. सुट्टी अजून बुधवारीच. गुडघे टेकले की गोळे अजून येतात. सकाळी सातला मी सुटतो आणि धाकटीही त्याच सुमाराला दवाखान्यातून निघते. स्टँडपाशी भेटतो, एक चहा दोघांत घेतो. कधी ती विचारते, "दादा, रात्री प्रार्थना केलीस?" मी म्हणतो, "भांडलो." ती म्हणते, "मग ठीक आहे." तिनं पुन्हा फॉर्म भरायचं ठरवलंय. या वेळी धर्माच्या रकान्यात जे आहे ते लिहून. फी कुठनं आणायची ते ठरलेलं नाही.

१० ऑगस्टला आमची माणसं काळ्या फिती लावून काळा दिवस पाळतात. दर वर्षी मूठभर असतात, बहुतेक म्हातारी. यंदा मी जाणार आहे. त्या दिवशी माझी पाळी आहे, खाडा पडेल, रोज कापला जाईल.

दोस्ता, तू मला टपरीवर विचारलंस, तू नेमका कुणाचा. मी माझं नाव सांगितलं. महार आहे, ख्रिस्ती आहे, गिरणी कामगार आहे, आणि बाबासाहेबांनी विचारलेल्या प्रश्नापुढं उभा आहे. यातलं एकही मी आता डब्यात घालणार नाही.

आता मी विचारतो. १० ऑगस्टला येशील का?

जयभीम.